जोमाशेठची भिंत

“भिंत पातल पायजे व्हती बोलतंस? माज्याच घरान उबा राहून? भिंत हाय ती, पापर नाय!”

समोर इंटरनेटवाला माणूस हातात वायरीचं भेंडोळं घेऊन भिजल्या मांजरासारखा उभा. त्याचा गुन्हा एवढाच, की भिंतीवर टिचकी मारून तो म्हणाला, “शेठ, भिंत फार जाड आहे. वायफाय पलीकडे जायचं नाही.” जोमाशेठची ती आरोळी तळमजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात पोचली आणि कुकरची अर्धी बाहेर आलेली शिट्टी परत आत गेली. मी धावत वर आलो. घरमालकाकडे खून होत असेल तर साक्षीला एक जुना भाडेकरू तरी हवा.

जोमाशेठ आमचे घरमालक. कोपर गावचे पिढीजात आगरी. त्यांच्या बापाचं खाडीकाठी मिठागर होतं. एका उधाणात बांध फुटला आणि वर्षभराचं मीठ आल्या वाटेनं खाडीत परत गेलं. लहानग्या जोमानं ते काठावर उभं राहून पाहिलं. पुढे जमिनीला भाव आला, शेठनी इमारत बांधली, आणि इथून शीळफाट्यापर्यंतच्या बिल्डरांनी जेवढं लोखंड वाचवलं तेवढं एकट्यानं आपल्या भिंतींत घातलं. “बांध फुटला का सगला मीठ पान्यान,” हे त्यांचं वेदवाक्य. भाडेकरूला खिळा मारायची बंदी. माझं कॅलेंडर गेली कित्येक वर्षं फ्रिजच्या कुशीला चिकटवलेलं आहे. मोबाइलवर बोलायचं तर आम्ही सगळे गच्चीवर जातो. सकाळी नऊला तिथे बाजार भरतो.

राउटर पहिल्यांदा घरात आला तेव्हा शेठनी तो लोखंडी कपाटात, दागिन्यांशेजारी ठेवला. वायरीपुरती फट ठेवून कुलूप लावलं. “वस्तू महागाची हाय,” म्हणाले. आठवडाभर त्या घरात फक्त दागिन्यांना इंटरनेट होतं.

कपाट उघडायला लावलं ते सुप्रियानं. सुप्रिया म्हणजे धाकटी सून. शेठच्या हॉलला लागून, त्या थोर भिंतीपलीकडे, मुलाचं आणि तिचं घर. ठाण्यातल्या एका ऑफिसचं काम ती घरून करते. शेठाणी गेल्यापासून शेठ जेवायला तिच्याकडे. अख्ख्या कोपरात त्यांना उलट उत्तर देणारी ती एकटी. आमटीच्या मिठावरून दोघं असे भांडायचे, की जिन्यातून जाणारा नवा भाडेकरू पोलिसांना फोन करायचा आणि रेंज नसल्यामुळे तो लागायचा नाही.

राउटर कपाटाबाहेर आला तरी मधे भिंत होतीच, आणि आता तिची नोकरीच अडली होती. ऐन मीटिंगमध्ये पडद्यावर तिचा चेहरा आ वासून गोठायचा. वायर दारातून नेली तर दार लागेना. शेठनी लाथ घालून लावलं, वायरीचे दोन तुकडे. शेवटी ऑफिसनं बजावलं, नेट सुधारा नाहीतर घरून काम बंद. सुप्रियानं जेवता जेवता सांगून टाकलं, “आबा, आम्ही ठाण्यात घर बघतोय.”

“जा!” शेठ गरजले. “कोन अरवतंय? मना कोनाची गरज नाय!” आणि पान अर्धं टाकून उठले. त्या आठवड्यात त्यांनी पाणीवाला, पोस्टमन, मी आणि गेटवरची एक निरपराध कुत्री, सगळ्यांची आई-माई काढली.

म्हणूनच शेठनी इंटरनेटवाल्याला बोलावलं होतं. त्यानं भीत भीत उपाय सांगितला: भिंतीला भोक पाडायचं, वायर पलीकडे न्यायची, तिकडे दुसरा राउटर. ड्रिल मशीन मात्र सोमवारी मिळेल.

“भोक? माज्या भिंतीला?” त्यानंतर शेठ जे बोलले ते छापण्यासारखं नाही. तो माणूस जिन्याच्या पायऱ्या न मोजता खाली गेला.

शनिवारी दुपारी इमारत हादरली. माझ्या मांडणीवरचे डबे चालायला लागले. भूकंप समजून सगळे भाडेकरू बाहेर पळाले. आवाज जोमाशेठच्या घरातून येतोय हे कळल्यावर आणखी लांब पळाले. मी वर गेलो. शेठ बनियनवर, हातात घण, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटनं पांढरे. प्रत्येक घावाला भिंतीला शिवी, भिंतीनं दाद दिली नाही की स्वतःला. “कनी सांगितलवता एवरा लोखंड घालाला? जल्ला!”

तासाभरानं भिंत फुटली. भगदाड एवढं, की कलिंगड आरामात पलीकडे जावं. त्यातून सुप्रियाचं तोंड दिसलं, केसांत चुरा, कानाला हेडफोन.

“आबा! मीटिंग चालू आहे!”

“मंग चालू ठेव! तिच्याचसाठी फोरतंय!”

शेठनी राउटर त्या भगदाडात बसवला, कोनाड्यात गणपती बसवावा तसा. सुप्रियानं लॅपटॉपकडे पाहिलं. वायफायच्या सगळ्या रेषा भरल्या होत्या. रविवारी ती सकाळपासून झाडू घेऊन धूळ काढत होती आणि शेठना बोलत होती. शेठ उलट बोलत होते. संध्याकाळी आमटीत मीठ जास्त पडल्याचं जिन्यापर्यंत ऐकू आलं.

सोमवारी इंटरनेटवाला मशीन घेऊन हजर. भगदाडाला त्यानं वीत लावून पाहिली. मग म्हणाला, “शेठ, वायरीला बोटभर भोक पुरलं असतं.”

मी कानांवर हात ठेवले. पण शेठ खुर्चीत बसून तळहातावरचे फोड बघत होते.

“खरंच शेठ,” मी धीर करून म्हणालो, “दोन दिवस थांबायचं होतं की. मशीन सोमवारी येणारच होतं.”

“ती रविवारी घर बगाला जानार व्हती,” शेठ म्हणाले.