सगुणाबाईंचा दगड आणि वाघाची तहान

एका जंगलात एक दगड होता. हसू नका. गोष्ट दगडाचीच आहे. मोठेपणी तुम्ही ज्या कचेऱ्यांत जाऊन बसणार आहात, तिथं याहून वेगळं काही चालत नाही. तेव्हा मांडी घाला आणि ऐका.

दगड पाणवठ्याशेजारी होता, जांभळाच्या झाडाखाली. त्यावर खुणा कोरल्या होत्या. जांभळाची सावली हरणांच्या खुणेवर आली की हरणांनी पाणी प्यायचं. सशांच्या खुणेवर आली की सशांनी. आणि शेवटच्या खुणेवर यायच्या आत सगळ्यांनी आपापलं घर गाठायचं, कारण शेवटची खूण वाघाची.

या खुणा सगुणाबाई नावाच्या साळिंदरानं कोरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ठिपकी नावाच्या चितळाच्या पाडसाची आई याच काठावरून वाघानं नेली. ठिपकी सगुणाबाईंच्या बिळापाशी येऊन उभी राहिली. सगुणाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पाठीचा एक काटा उपसला आणि दगड कोरायला घेतला.

आता खरी गोम ऐका. वाघ काही दगडावरच्या खुणा बघत नसे. वाघच तो! त्याला ऊन चढलं की तहान लागायची, तहान लागली की यायचा. म्हणून सगुणाबाई दर आठवड्याला चिखलातले त्याचे ठसे बघायच्या. ठसा ओला की सुका, कड ढासळली की शाबूत, यावरून वाघ कधी येऊन गेला ते त्यांना बरोबर कळायचं. मग त्या खुणा बोटभर इकडे नाहीतर बोटभर तिकडे नव्यानं कोरायच्या.

दोन वर्षांत एकही जीव गेला नाही. ठिपकी मोठी झाली. तिला स्वतःचं पाडस झालं.

याच जंगलात भारदस्तराव नावाचे हत्ती होते. त्यांची ‘समग्र रानव्यवस्था’ सगळ्या रानात चालायची. चालायची म्हणजे सगळ्यांनी घेतलेली होती. ती बसवायला दोन पावसाळे लागत, आणि एकदा बसली की तिला उठवायची कोणाची छाती नव्हती. एका सशानं विचारलं होतं, ‘गवत कुठं उगवलंय?’ त्याला गवताचे एकशे चाळीस प्रकार कळले. कुठं उगवलंय ते पुढच्या आवृत्तीत कळणार होतं.

भारदस्तरावांना एकच चिंता होती, ती म्हणजे गवोजी गवा. त्याचीही अशीच एक व्यवस्था होती, तितकीच समग्र.

एक दिवस भारदस्तरावांचे सल्लागार कोल्हेसाहेब धापा टाकत आले.

‘साहेब, घात झाला! गवोजी सगुणाबाईंचा दगड घेतोय.’

‘कसला दगड?’

‘ते महत्त्वाचं नाही. तो घेतोय, हे महत्त्वाचं.’

‘अरे बापरे! मग आपण आधी घेऊ या.’

कोल्हेसाहेब सकाळीच गवोजीकडेही जाऊन आले होते, आणि तिथंही हेच बोलले होते. पण ते जाऊ द्या.

सगुणाबाई आधी तयार नव्हत्या. भारदस्तराव सोंड खाली घेऊन गोड आवाजात म्हणाले, ‘सगुणाबाई, तुमचा दगड एका पाणवठ्यावर. आमचे पाणवठे शंभर. शंभर ठिकाणी अशा खुणा झाल्या तर किती ठिपक्यांच्या आया वाचतील?’

इथं सगुणाबाई विरघळल्या. हत्तीला नेमकं कुठं टोचायचं ते कळत होतं, काटे नसले तरी.

करारावर सही त्यांच्याच काट्यानं झाली. त्यांना रताळ्यांचं एक रान मिळालं आणि ‘मुख्य दूरदृष्टी अधिकारी’ असं पद मिळालं. साळिंदराला चार हातांपलीकडचं धड दिसत नाही, पण पदाचं तसं काही नसतं. करारात एक बारीक कलम होतं. पुढचे तीन पावसाळे सगुणाबाईंनी कुठल्याही दगडाला हात लावायचा नाही.

‘मग खुणा कोण सरकवणार?’ सगुणाबाईंनी विचारलं.

‘सरकवायच्या कशाला?’ भारदस्तराव म्हणाले. ‘चांगल्या कोरल्या आहेत की!’

पंधरा दिवसांनी भारदस्तराव आणि गवोजी यांची भागीदारी जाहीर झाली. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात माळा घातल्या. आता दगड गवोजीला मिळण्याची भीती उरली नाही, म्हणून दगडाची आठवणही उरली नाही. शंभर पाणवठे जिथल्या तिथं राहिले.

चैत्र लागला. ऊन असं तापलं की बोलायची सोय नाही. सगुणाबाई सवयीनं चिखल बघायला गेल्या आणि जागीच थबकल्या. वाघाचा ठसा होता आणि त्याच्यावर हरणाच्या खुराचा ठसा होता. दोन्ही ओले. हरणं यायच्या जरा आधीच वाघ पाणी पिऊन गेला होता.

त्या धावत भारदस्तरावांकडे गेल्या.

‘साहेब, खुणा मागं घ्या! वाघ लवकर येतोय. आज नुसती चुकामूक झाली म्हणून वाचले सगळे.’

‘तक्रार नोंदवा.’

तक्रारी कासवाकडे असत. कासवानं तक्रार नीट लिहून घेतली, तिला क्रमांक दिला आणि म्हणालं, ‘आता मी स्वतः वरच्या विभागात पोचवतो, बाई. काळजी करू नका.’ आणि निघालं.

सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघितलं तरी ते तिथंच दिसत होतं. मग त्या ठिपकीकडे गेल्या.

‘ठिपके, उद्या पाण्यावर जाऊ नकोस गं.’

‘असं कसं मावशी? पोर तहानेनं व्याकूळ झालंय. आणि खुणा तुमच्याच ना? तुमच्या खुणांवर नाही विश्वास ठेवायचा, तर कोणाच्या?’

‘त्या आता माझ्या नाहीत’ हे त्यांच्या तोंडून निघेना. लाज वाटली त्यांना. रताळ्यांचं रान डोळ्यांपुढं आलं आणि तोंड कडू झालं.

दुसऱ्या दिवशी सावली हरणांच्या खुणेकडे सरकू लागली. सगुणाबाई दगडापाशी उभ्या होत्या. बोटभर खूण सरकवायची, बस्स. पण दगडावर हत्तीचे दोन पहारेकरी होते, करार हातात घेऊन. तिकडून ठिपकी पाडसाला घेऊन येत होती, आणि इकडं करवंदीच्या जाळीमागं पिवळं काहीतरी हललं.

सगुणाबाईंनी करार आठवला. शब्दन् शब्द आठवला. दगडाला हात लावायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. वाघाला लावायचा नाही, असं कुठंच लिहिलं नव्हतं.

त्या तडक जाळीकडे गेल्या, वाघापुढं उभ्या राहिल्या, पाठ फिरवली, सगळे काटे खुळखुळवले आणि मागच्या मागं जोरात धडकल्या.

वाघ असा ओरडला म्हणता, की रान हादरलं! ठिपकी पाडसाला घेऊन पसार झाली. वाघाच्या पुढच्या पंजात सात काटे घुसले होते. सगुणाबाईंची पाठ अर्धी बोडकी झाली होती. पण त्या हसत होत्या.

तेव्हापासून वाघ लंगडू लागला. गुहेतून पाणवठ्यावर यायला त्याला दुप्पट वेळ लागू लागला. तो यायचा, तेव्हा सावली बरोबर शेवटच्या खुणेवर असायची.

महिन्याभरानं भारदस्तरावांनी मोठी सभा भरवली. ‘मित्रहो,’ ते म्हणाले, ‘काही जणांनी खुणांबद्दल शंका घेतली होती. आज बघा! खुणा तसूभर न हलवता वाघ वेळेवर येतो. याला म्हणतात दूरदृष्टी.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. कासव वरच्या विभागात त्याच दिवशी पोचलं. तक्रार निकाली निघाली.

सभा संपल्यावर कोल्हेसाहेब हळूच सगुणाबाईंच्या बिळापाशी आले.

‘बाई, ते काटे म्हणे फार परिणामकारक आहेत. गवोजीचा डोळा आहे त्यांच्यावर. काय घ्याल?’

सगुणाबाईंना नवे काटे फुटायला लागले होते. त्यांनी शांतपणे कोल्हेसाहेबांकडे पाठ फिरवली.

कोल्हेसाहेब फार अनुभवी. पाठ पुरती फिरायच्या आत ते दिसेनासे झाले.

तात्पर्य: मुलांनो, व्यवस्था चुकली तर तिला हात लावू नये. कोणीतरी वाघाला लंगडा करीपर्यंत धीर धरावा. मग व्यवस्था आपोआप बरोबर ठरते, आणि भाषण हत्तीलाच करता येतं.