टोकेकर काकांचा रिकामा इनबॉक्स

मंडळाच्या गणेशोत्सवाचं निमंत्रण पाठवताना मी सगळ्यांचे ईमेल पत्ते बीसीसीऐवजी सीसीत टाकले. म्हणजे प्रत्येकाला निमंत्रण गेलं, आणि त्यासोबत बाकी सगळ्यांचे पत्तेही गेले. कार्यक्रमाला माणसं बेताचीच आली. पत्ते मात्र पार बायपासच्या बिल्डरांपर्यंत जाऊन पोहोचले.

इंदूर हे मोठ्या मनाचं गाव आहे. "अरे सेक्रेटरीसाहब, चलता है," म्हणून सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. अडचण एकच होती. त्या यादीत टोकेकर काकांचाही पत्ता होता.

टोकेकर हे नाव अर्थातच बदललेलं आहे. अर्थात, मला जे माहीत होतं तेच त्यांचं खरं नाव, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण काका दर दुकानात वेगळं नाव सांगतात. चष्म्याच्या दुकानात ते भानुप्रताप आहेत. चपलांच्या दुकानात श्यामसुंदर. मिठाईवाल्याकडे दिग्विजय. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला आयुष्य काढलेला, किरकोळ अंगाचा, लग्न न केलेला हा माणूस स्नेहलतागंजमध्ये आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. आणि पेढे घ्यायला निघाला की जिना उतरता उतरता दिग्विजय होतो.

यात वेडेपणा नाही, पद्धत आहे. एकदा त्यांच्या फोनवर 'डिअर भानुप्रतापजी, बायपासवर प्लॉट' असा मेसेज आला. काका तडक चष्म्याच्या दुकानात. मी बरोबर होतो, म्हणून हा संवाद मला पाठ आहे.

"क्यों भिया, ये भानुप्रताप को प्लॉट कौन बेच रिया है?"

"हमको क्या मालूम, अंकलजी?"

"पूरे इंदौर में भानुप्रताप सिर्फ तुम्हारे यहाँ रहता है!"

दुकानदाराने वर पंख्याकडे पाहिलं आणि काकांना चष्म्याची काच फुकटात बदलून दिली.

याचा त्रास आम्हाला होतो. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्यांच्याबरोबर गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जावं तर एका ठेल्यावरून "आओ दिग्विजयजी" आणि समोरच्या ठेल्यावरून "राम राम श्यामबाबू" अशा हाका येतात. नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी हळूच विचारलं होतं, "हे गृहस्थ फरारी आहेत का हो?"

कुठेही फोन नंबर मागितला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कशाला हवंय?" समोरचा हिंदी बोलणारा असेल तर "कायको चाहिए?" हा प्रश्न इतका जिभेवर बसलाय की मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, "काका, चहात साखर किती?" विचारलं तरी आधी तोच बाहेर पडतो. कुरियरच्या खोक्यावरचं नाव-पत्त्याचं लेबल ते बादलीत भिजत घालतात आणि लगदा झाल्यावरच टाकतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावायला ते मेधाकडून टिकली मागून नेतात. "मोठी दे. बारीक टिकलीच्या कडेने दिसत असेल त्यांना." त्या लाल टिकलीमुळे काकांच्या संन्याशासारख्या खोलीत लॅपटॉप तेवढा सवाष्ण दिसतो.

नको असलेल्या मेलच्या तळाशी 'हे मेल बंद करा' असं लिहिलेलं असतं ना, ते मी एकदा त्यांच्यासमोर दाबायला गेलो. त्यांनी माझा हातच धरला. "ओळखीचं दुकान असेल तर दाब. ह्या भामट्यांचं नाही दाबायचं. अनोळखी माणूस दार वाजवतोय, तर आतून 'मी घरी नाही' म्हणून ओरडतोस का?"

अशा माणसाचा खरा पत्ता माझ्याकडे आला कसा? तर उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. तेव्हा रोज वर जाऊन त्यांचा ईमेल उघडायचं काम माझ्याकडे आलं. "काही आलंय?" ते विचारायचे. इनबॉक्स कोरा. "नाही काका." "बरं. बंद कर." रोज हेच. दुकानांसाठी त्यांचा कचरापेटीसारखा एक वेगळा पत्ता होता, तिथे जाहिरातींचा ढीग. या पत्त्यावर मात्र चिटपाखरू नाही.

मला फार वाईट वाटलं हो. बिचाऱ्याला जगात कुणी एक ओळ लिहीत नाही! म्हणून, केवळ मनाच्या मोठेपणाने, मी तो पत्ता मंडळाच्या यादीत टाकला. म्हटलं, निमंत्रण तरी येईल.

निमंत्रण गेलं. आणि मग बाकीचं सगळं गेलं. केसांचं तेल. घरबसल्या कर्ज. कुठल्याशा परदेशी राजकन्येचा अडकलेला वारसा. 'आपलं पार्सल थांबलं आहे, इथे दाबा.' एका विवाहसंस्थेने तर सत्तरी ओलांडलेल्या काकांना 'योग्य वेळ हीच' असं कळवलं.

मला वाटलं, काका खाली येऊन माझं घर डोक्यावर घेतील. ते आले, पण आवाज न चढवता म्हणाले, "सेक्रेटरी, तो पत्ता तू दिलास?"

"काका, सॉरी. आत्ता सगळं सिलेक्ट करून उडवतो. नाहीतर नवीन पत्ताच काढू. पाच मिनिटांचं काम."

"नवीन नको."

"का?"

"दसऱ्याला एक मेल येतो. याच पत्त्यावर. ह्या गर्दीत तो गेला तर? आणि पत्ता बदलला तर ती कुठे लिहील?"

'ती' हा शब्द तोंडातून निसटला हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते लगेच आमच्या कॅलेंडरवरचं दूधवाल्याचं टिपण वाचायला लागले.

"मग तुम्हीच कळवा ना त्यांना," मी म्हटलं.

"तिचा मेल घरातले सगळे उघडतात. मुलगा, सून, नातवंडं. आपण कशाला उगाच तिथे जाऊन उभं राहायचं? ती लिहिते, मग मी उत्तर देतो. तेवढंच."

इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस स्वतःला लपवतोय.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारपासून मी पोहे-जलेबी घेऊन वर जायला लागलो. काका एकेक मेल उघडण्याआधी तपासायचे आणि मला शिकवायचे. नावाला भुलू नकोस, नावामागचा पत्ता बघ. घाई करायला लावणारा प्रत्येक जण चोर समज. अनोळखी पत्ता, वर विषय नाही, आणि सोबत काहीतरी जोडलेलं असेल तर हातसुद्धा लावू नकोस. मी पटापट शिकलो. इतका, की काका चहा टाकायला आत गेले तरी माझा हात थांबत नव्हता.

दसरा आला. मेल आला नाही. आम्ही सोनं द्यायला वर गेलो तेव्हा काकांनी आपट्याची पानं घेतली, मेधाच्या हातावर बर्फी ठेवली आणि म्हणाले, "वय झालंय तिचंही." दोन-चार दिवसांनी मिठाईवाल्याच्या नव्या पोराने "नाम क्या लिखूं?" विचारलं, तर त्यांनी चक्क खरं नाव सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. या माणसाला आता काही राखायचंच उरलेलं नाही, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी ऑफिसात एक मेल उडवताना माझा हात थबकला. अनोळखी पत्ता, विषय नाही, सोबत फोटो. असाच एक मी काकांच्या खोलीत मोठ्या ऐटीत उडवला होता. दसऱ्याच्या दिवशी सकाळी, ते आत आलं किसत असताना.

ऑफिसातून निघालो तो धावत काकांकडे वर गेलो. उडवलेलं लगेच नाहीसं होत नाही, काही दिवस कचरापेटीत पडून असतं. केसांच्या तेलाखाली आणि राजकन्येच्या वर ते सापडलं.

"काका, नियमाप्रमाणे हे उघडायचं नाही."

"उघड," काका म्हणाले.

फोटो होता. बर्फ अजून पडायचं असलेल्या कुठल्यातरी अंगणातलं एक पिवळंजर्द पान, सुरकुतलेल्या तळहातावर. खाली मराठीत लिहिलं होतं: 'इकडे आपटा मिळत नाही, हेच सोनं घे. जुना पत्ता बंद केला, फार कचरा यायला लागला होता. हा पत्ता फक्त माझा आहे. आता तूही लिहीत जा.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग मला म्हणाले, "तिकडे भिंतीकडे तोंड करून बस." मी बसलो. मागून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मध्येच बराच वेळ थांबायचा, मग परत यायचा. चहा कुणी केलाच नाही.

घरी येऊन जेवताना मी मेधाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. पान, तळहात, कचरापेटीतून मी केलेली सुटका. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

"म्हणजे त्या माणसाने जन्मभर जपलेली एक गोष्ट तुम्ही आधी गावभर केलीत, मग कचऱ्यात टाकलीत, आणि आता मला येऊन सांगताय," ती म्हणाली. "खा मुकाट्याने."