बुरशीला कारण असतं

दिगंबरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. चपला काढायच्या, टोपी सारखी करायची आणि यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत हे गृहस्थ खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला तळवा लावून उभे. तळव्यानं भागलं नाही तर गाल लावीत. डोळे मिटलेले. घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग काका सावकाश डोळे उघडून म्हणायचे, "हं. कारण असतं."

आमच्या बुऱ्हाणपुरात त्या काळी पावसाळा लागला की घराघरांत बुरशी यायची. लोक चार शिव्या घालायचे, दिवाळीला चुना मारायचे आणि विसरून जायचे. काकांना ते जमत नसे. भिंत एक, चुना एक, पाऊस एक, मग बुरशी इथं आली आणि वीतभर पलीकडं का नाही आली, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देत नसे. तहसील कचेरीत ते नकलनवीस होते, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर नव्यानं लागलो होतो, आणि राहायलाही त्यांच्या शेजारीच होतो. म्हणजे दिवसभर कचेरीची भिंत ऐकायची आणि संध्याकाळी घरची. माझी सुटका कुठेच नव्हती.

पण खरं सांगतो, त्यांचं ऐकताना गुंगी यायची. बाहेर श्रावणाची झड, गल्लीतल्या मागांची लांबून येणारी खटखट, आणि काका एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बुरशीबद्दल बोलत असायचे. "हे बघ भाऊ, बाहेरच्या दोन भिंती जिथं मिळतात तो कोपरा थंड राहतो. थंड जागी ओल बसते. कपाटामागं वारा जात नाही, तिथं भिंतीचा श्वास कोंडतो. खालचा भाग जमिनीतलं पाणी पितो. पण नुसत्या ओलीनं भागत नाही. ओल झाली पाणी. तिला जेवण पण लागतं ना? नुसत्या चुन्यावर ती उपाशी मरते. तेल, धूळ, पीठ, खळ, काहीतरी पोटात जायला पाहिजे. जिथं जेवण तिथं मुक्काम. साधा मामला आहे."

या साध्या मामल्यानं त्यांनी एकदा एका घरात आगच लावली. सरकीचे एक मोठे व्यापारी होते. त्यांचे जावई घरजावईच, रोज दुपारी जेवून मागांच्या कारखान्यावर देखरेखीला जात. निदान सासऱ्यांची तशी समजूत होती. काका कसल्याशा निमित्तानं तिथं गेले आणि सवयीप्रमाणे थेट मागच्या कोठीत शिरले. भिंतीवर बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एकच काळा गोल. काकांनी तो हुंगला. बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाले, "शेठजी, त्या कोठीत दुपारी कुणीतरी टेकून झोपतं. रोजचा रिवाज दिसतो. तेल चमेलीचं आहे." घरात चमेलीचं तेल कोण लावतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. जावईबापूंनी त्यानंतर कित्येक दिवस काकांना तोंड दाखवलं नाही. काकांना त्यात आपली काय चूक झाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मी भिंतीचं बोललो, माणसाचं कुठं बोललो?" असं ते मला विचारत राहिले.

ती वर्षंही गमतीची होती. संस्थानं गेली होती, नवे प्रांत व्हायचे होते, रोज नवा नकाशा निघायचा. आमचं गाव मराठी राज्यात जाणार की इकडं हिंदी मुलखातच राहणार यावरून पानाच्या दुकानावर बाह्या सरसावल्या जायच्या. एकदा शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. दोन्ही बाजूंचे पुढारी तावातावानं बोलले. हॉलच्या भिंतीवर बुरशीचा एक मोठा डाग होता, आणि तो हुबेहूब नकाशासारखा दिसायचा. एकजण उठून म्हणाला, बघा, देवानंच दाखवलं, तापीच्या खालचा सगळा मुलूख एक आहे. दुसरा म्हणाला, उलटं बघा, सातपुडा आमच्याकडं आहे. मग कुणीतरी गंमत म्हणून काकांना पुढं ढकललं. काका डागाजवळ गेले, तळवा लावला. काका म्हणाले, "वर कौल फुटलाय. तो बदला. दोन्ही मुलूख जातील."

सभा हसण्यात मोडली. काका मात्र हसले नाहीत. घरी येताना मला म्हणाले, "रेषा कुठं का मारेनात भाऊ, रावेरची गाडी बंद नाही ना करणार?" रावेर म्हणजे आमच्याखालचं खानदेशातलं गाव. तेव्हा मला वाटलं, काकांचं तिकडं कुणीतरी असेल.

गावभर काकांचं औषध प्रसिद्ध होतं. भिंत खरवडून काढायची, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि चुन्यात मोरचूद घालून दोन हात मारायचे. मोरचुदानं बुरशी मरते आणि भिंतीला किंचित निळसर झाक येते. आमच्या भागात तशी निळी झाक दिसली की समजावं, दिगंबरकाका येऊन गेले.

आणि खुद्द काकांच्या घरी? त्यांच्या मधल्या खोलीची उत्तरेकडची भिंत सगळ्या गल्लीत बदनाम होती. दर पावसाळ्यात दाराशेजारी छातीच्या उंचीवर काळपट हिरवी बुरशी यायचीच. त्यात काका पावसाळाभर त्या खोलीची खिडकी बंद ठेवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, गार वाऱ्यानं गुडघे धरतात. सरूकाकू त्यावरून त्यांना यथेच्छ बोलायच्या. "साऱ्या गावाच्या भिंती चाटून झाल्या, स्वतःची दिसत नाही. माझ्या घरात पाहुणा बसवायची सोय नाही ठेवली या माणसानं." काका खाली मान घालून ऐकायचे. काकूंचाही एक विनोदच होता. दर दिवाळीला त्या स्वतः पदर खोचून घर पुतायच्या, आणि नेमकं त्या भिंतीशी आल्यावर त्यांचा चुना संपायचा. दरवर्षी. एवढी हिशेबी बाई, तेलाचा थेंब मोजून वापरणारी, पण चुन्याचा अंदाज म्हणून कधी यायचा नाही. गल्लीतल्या बायका हसायच्या, मीही हसायचो.

एका श्रावणातल्या रविवारी काकू कुठंशी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. काकांनी मला हाक मारून आत नेलं. बंद खिडकीच्या फटीतून हिरवट उजेड येत होता. मागच्या अंगणातल्या केळीतून गाळून आल्यासारखा. काका त्या भिंतीसमोर उभे राहिले, पण इथं त्यांनी तळवा लावला नाही. "जरा मागं सरक," म्हणाले, "आता बघ."

मी बघितलं. तो डाग नव्हताच. तो हात होता. लहानखुरा, पाच बोटांचा, बायकी हात. अंगठा जरा बाहेर वळलेला.

"कुसुमचा," काका म्हणाले.

काकांना मुलगी होती हे मला त्या दिवशी कळलं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. आमच्याकडं लेक सासरी निघाली की तांदळाच्या पिठात हळद कालवून दाराशेजारी हाताचा थापा मारून जाते. कुसुमही तसा मारून रावेरला गेली. वर्षाच्या आत तापानं गेली. त्या दिवाळीला काकूंना तो पिवळा हात डोळ्यांसमोर सोसवेना, त्यांनी वरून चुना मारून टाकला. भिंत पांढरीफेक झाली. आणि पुढच्या पावसाळ्यात एके सकाळी ते उठून बघतात तो, चुन्याखालून पाच बोटं वर आलेली.

"मी पण कचेरीत शिकलेला माणूस आहे भाऊ," काका सांगत होते. "भुताखेताचं मनात येऊ दिलं नाही. मी विचार केला, याला कारण असणार. साऱ्या भिंतीला ओल आहे, मग इथंच का? मग लक्षात आलं, खाली पीठ आहे. तिच्या हाताला जेवढं पीठ होतं तेवढंच जेवण. तेव्हापासून मला सगळ्यांच्या भिंती बघायची सवय लागली."

मग करंगळीच्या जागेपाशी बोट नेऊन, न टेकवता, म्हणाले, "यंदा ही फिकी आली आहे. पीठ संपत चाललं असेल. तुझ्या काकूला कळू देऊ नको हं. तिला वाटतं ही नुसती बुरशी आहे. कळलं तर ती खचेल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? घरी येऊन मात्र खूप वेळ माझा मलाच राग येत होता, इतकी वर्षं हसलो म्हणून.

त्याच वर्षी अरविंदचं लग्न ठरलं. अरविंद म्हणजे काकांचा मुलगा, खांडव्याला रेल्वेत होता. बहीण गेली तेव्हा तो लहान, मामाकडं शिकायला होता. मुलगी जळगावची, माणसं टापटिपीची. अरविंदनं ठरवलं, घर वरपासून खालपर्यंत पुतायचं, आणि ती बदनाम भिंत आधी. औषध त्याला तोंडपाठ होतंच, बापाचंच ते. खरवडा, वारा द्या, मोरचूद घाला. काका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. अरविंद म्हणाला, नवी सून काय पुढच्या वर्षी येणार आहे? काका म्हणाले, खरवडल्यावर भिंत कमजोर होते. अरविंद म्हणाला, बाबा, हे तुम्ही गावात कुणाला सांगत नाही. लग्नघरात कुसुमचं नाव काढायचं, तेही काकूंच्या समोर, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. कचेरीत त्यांच्या हातून त्या आठवड्यात नकला चुकू लागल्या. एका खरेदीखतात त्यांनी खरेदीदाराच्या जागी विकणाऱ्याचं नाव घातलं. साहेबांनी कागद परत पाठवला, तोही ते नुसते बघत बसले.

लग्नाची पहिली पत्रिका इच्छापूरच्या देवीला ठेवायची आमची रीत. काका ती घेऊन सकाळच्या मोटारीनं गेले, आणि अरविंदनं नेमका तोच दिवस साधला. बाबूमियां सफेदीवाला बादल्या, कुंचे आणि खरवडायची पत्री घेऊन हजर झाला. मला खिडकीतून बादलीतला निळसर चुना दिसला आणि मी तसाच धावलो. काय बोलणार होतो देव जाणे. काकांना शब्द दिला होता.

आत जाऊन बघतो तर मधल्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला, दाराशेजारी, सरूकाकू बसलेल्या. बूड जमिनीवर नाही, चक्क उंच चौरंगावर. पाठ भिंतीला घट्ट टेकलेली, मांडीवर सूप, अक्षतांचे तांदूळ निवडणं चाललेलं.

बाबूमियां अदबीनं म्हणाला, "काकी, जरा सरको ना. इत्तीसीच भिंत बाकी है."

"पाय धरलेत माझे," काकू म्हणाल्या. "उठवत नाही."

अरविंदनं हात दिला. काकू म्हणाल्या, कंबरही धरली आहे. अरविंद म्हणाला, आई, चौरंगासकट उचलतो. काकू म्हणाल्या, अक्षता सांडल्या तर तुझ्या लग्नाला अपशकुन, बघ बाबा. जेवायची वेळ झाली, काकूंनी ताट तिथंच मागवलं. दुपार झाली, काकू तिथंच. एव्हाना ते तांदूळ निवडून निवडून मोत्यासारखे झाले होते, तरी त्या खडे शोधतच होत्या. शेवटी बाबूमियांनं कंटाळून त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या कडेनं, डोक्याच्या वरून, सांभाळून कुंचा फिरवला. मजुरी घेऊन गेला. अरविंद चिडून बाहेर निघून गेला.

मी दारात उभा होतो. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. दर दिवाळीला यांचा चुना कुठं संपत होता ते मला तेव्हा कळलं.

उन्हं कलताना काका आले. हातात प्रसादाचा नारळ. दारातच त्यांना ओल्या चुन्याचा वास आला. तोंड उतरलं, नारळ हातातच राहिला. ते धडपडत मधल्या खोलीत आले. तिन्ही भिंती निळसर पांढऱ्या, चौथीही तशीच, आणि दाराशेजारी तिला टेकून काकू, डोक्याच्या केसांवर चुन्याचे शिंतोडे.

काका पुटपुटले, "अगं, तू इथं का बसलीस?"

काकू सूप बाजूला ठेवून सावकाश उठल्या. पाय खरंच धरले होते, काकांच्या खांद्याचा आधार घेतला. त्यांच्या पाठीमागं जुन्या भिंतीचा एक तुकडा तसाच होता, आणि त्यात पाच बोटं. करंगळी फिकी.

"कारण असतं," काकू म्हणाल्या.