हेमलताबाई टिपणीस यांच्या प्रवाहमोहिमा व चमचाभर चहाची हकीकत

श्री. जे वाहते त्यास वंदन, जे वाहता वाहता थांबते त्यासही वंदन, आणि या दोहोंच्या मधे जे घुटमळते त्यापायी ज्यांनी जन्म घालविला त्यांस विशेष वंदन. शके एकोणीसशे नऊ, प्रभव नाम संवत्सरी, आषाढमासी, विद्येच्या एका दौलतीत हेमलताबाई टिपणीस यांचे येणे जाहले. दौलतीचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, सबब लिहीत नाही. लिहिणार हा तेथील भांडारावरील कारकून. बाटल्या, बुचे व बर्फ देणे हे त्याचे काम. पाहिले ते पाहिले म्हणून लिहितो, ऐकले ते ऐकले म्हणून.

बाईंचे वय तेव्हा तेवीस, शिक्षण रसायन अभियांत्रिकीचे, अंगलट किरकोळ आणि हट्ट मात्र दांडगा. त्यांनी मसलत मांडिली ती ऐसी, की पॉलिमर म्हणून जे लांबच लांब साखळ्यांचे पदार्थ आहेत ते पातळ असता वाहतात, आणि मग साखळ्या एकमेकींचे हात धरू लागतात, आणि धरता धरता एके क्षणी अवघ्यांचे हात अवघ्यांत गुंततात, आणि वाहते ते थबकून जेली होते. तर तो क्षण नेमका कोणता, हे हुडकावे. द्रवांचा मुलुख एके अंगास, घनांचा दुसरे अंगास, आणि मधल्या सरहद्दीचा दगड आमच्या दौलतीत कोणी रोविला नव्हता. वडील सरदारांनी मिशीत हसून परवानगी दिली, आणि कुमक म्हणून एक टेबल, एक घड्याळ आणि काचकामाचे कारागीर दस्तगीर मुलाणी इतके दिले. पैकी टेबल डुगडुगत होते.

दस्तगीर हे मिरजेकडील, वय चौतीस, काच फुंकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्योतीवर काच धरीत, फुंकर घालीत, आणि केसाएवढ्या पोकळीची नळी बनवीत. नळीवर वर एक रेघ, खाली एक रेघ. द्रव वरच्या रेघेवरून खालच्या रेघेस किती सेकंदांत उतरतो यावरून त्याचा दाटपणा कळे. त्यांचा रिवाज ऐसा होता, की नवी नळी केली की तीत प्रथम पाणी सोडावयाचे, बाईंनी घड्याळ दाबावयाचे, आणि दस्तगीर दाराशी हात पुसत उभे राहून पुसावयाचे, "किती?" बाई आकडा सांगत. दस्तगीर मान हलवीत व जात. बाईंचे लक्ष चुकून घड्याळ दाबावयाचे राहिले, तर रागे भरणे त्यांस ठाऊकच नव्हते. "मग परत घे," इतकेच म्हणत, आणि परत होईतो तेथेच उभे राहत. बाई त्यांस मामा म्हणत, आणि मामा बाईंस पोरी म्हणत. पुढे बाई मोठ्या हुद्द्यास चढल्या तरी पोरीच म्हणत, आणि पाहुण्यांदेखत म्हणत, त्याची मौज आम्ही बहुत केली.

पहिली तीन वर्षे बाईंचा मोड जाहला. द्रव ढवळून पाहावा तर जुळू आलेली जेली ढवळण्यानेच मोडे, आणि न ढवळता नळीत सोडावा तर आतच बसे, आणि मग नळी फोडावी लागे. ऐशा एकेचाळीस नळ्या फुटल्या. एके दुपारी बाई काचखान्यात स्टुलावर बसून रडू लागल्या, आणि मामांनी ज्योत विझविली नाही की काम थांबविले नाही, काच फिरवीत फिरवीत बोलिले, "पोरी, हिकडं बघ. काच मऊ झाली की मी थांबत न्हाई. थांबलो तर लोंबती. आन् जोरात फिरवली तर पिळवटती. म्हणून हळू फिरवायची, इकडं जरा, तिकडं जरा. ती घट व्हाय लागली की बोटालाच कळतंय. तू लई खवळतीस त्याला." बाईंनी डोळे पुसले, आणि दोन घटका त्या बोटांकडे पाहत राहिल्या, आणि मग धावत खोलीत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी ढवळणे सोडिले आणि द्रवास केवळ इकडे जरा, तिकडे जरा ऐसे डोलविण्याचा उपाय केला. आणि डोलविता डोलविता अंगचा पाणीपणा व अंगचा घट्टपणा समसमान होतात तो क्षण त्यांच्या हाती लागला. दगड रोविला गेला. दौलतीत साखर वाटली. परमुलुखांतून खलिते आले. सभेत बाईंचा गौरव जाहला तेव्हा मामा शेवटच्या रांगेत बसले होते, आणि व्याख्यान इंग्रजीत असल्याकारणे त्यांस एक अक्षर कळले नाही, तरी टाळी त्यांचीच मोठी होती.

मग काळ फिरला. परमुलुखातून रिओमीटर नामे यंत्र आले, थोरल्या पेटीएवढे, आणि जे बाई नळ्या फोडून शिकल्या ते हे यंत्र थेंबभर द्रव दोन चकत्यांत धरून आपसूक करू लागले. काचखान्याची ज्योत आठवड्यातून एकदा पेटे, मग महिन्यातून एकदा. शके एकोणीसशे तेहतीस साली मामा निवृत्त जाहले, आणि निरोपाच्या दिवशी बाई परदेशी परिषदेस होत्या. परत आल्यावर भेटीस जाऊ म्हणाल्या, आणि मग विभागाची जबाबदारी आली, आणि मग शिष्यांचे प्रबंध आले, आणि जाऊ जाऊ म्हणता सात वर्षे गेली. मामांचे घर दोन कोसांवर होते. हे बाईंस दूषण द्यावे म्हणून लिहीत नाही. आम्हीही गेलो नव्हतो.

शके एकोणीसशे चाळीस, कार्तिकमासी, मामांची कन्या शमीम, शाळेत शिक्षिका, तिचा फोन आला. मामांस अर्धांगवायू होऊन एकोणीस दिवस जाहले होते. उजवे अंग गेले, जीभ जड जाहली, आणि गिळण्याची शक्ती ऐसी मंदावली, की पाणी पिऊ जाता ते अन्ननळी सोडून श्वासाच्या वाटेस लागे. डॉक्टरांचे म्हणणे, पातळ काही देऊ नये, दाट करून द्यावे, कारण दाट वस्तू सावकाश उतरते आणि गळ्यास दार लावावयास अवकाश मिळतो. परंतु दवाखान्यातून आणिलेली दाट पाण्याची भुकटी मामा तोंडात घेताच थुंकीत. हे मनुष्य जन्मभर दिवसास सहा वेळा चहा पिणारे. त्यांनी तोंड मिटले ते मिटलेच, बोलणे तर पहिल्या दिवसापासूनच बंद होते, आणि अंग सुकत चालले. शुक्रवारपावेतो तोंडाने प्याले नाहीत तर नाकातून नळी घालणे प्राप्त, ऐसा ठराव जाहला. आणि सोमवार तर जाहला होता.

बाई आम्हांस संगे घेऊन गेल्या. मामांनी पाहिले, ओळखिले, आणि भिंतीकडे तोंड केले. बाई पायाशी बसल्या. उठताना शमीमला इतकेच म्हणाल्या, "दाट कसं करायचं, हे मला नाही आलं तर कुणाला येणार? मी चहा करून आणते." आणि मंगळवारी सर्व मोहिमा तहकूब करून बाईंनी प्रयोगशाळेत चहा मांडिला. आले, वेलची, म्हशीचे दूध, आणि दाटपणास कॉर्नफ्लॉवर. यंत्रावर पाहून डॉक्टरांनी सांगितला तेवढाच दाटपणा आणिला, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बुधवारी थर्मासात घालून नेला. चहाचा वास येताच मामांनी मान वळविली. शमीमने कप धरिला, चमचा दिला. पहिला उतरला. दुसरा उतरला. मामा चमचा चघळीत, सावकाश, चव घेत, आणि तोच चमचा पुन्हा कपात जाई. पाव घटकेने सहावा चमचा दिला, आणि मामांस ठसका लागला तो थांबेना. डोळे पांढरे जाहले, ओठ काळेनिळे जाहले. शमीमने पाठ चोळून त्यांस सावरिले, आणि मग बाईंकडे वळून बोलली, "बाई, तुमचं शास्त्र तुमच्याजवळ ठेवा. माझ्या अब्बांवर नको."  बाईंनी कपातला उरला चहा झाकण लावून थर्मासासंगे बरोबर घेतला.

परतून बाईंनी त्या कपातला थेंब यंत्रावर घातला, आणि यंत्राने दाखविले, की सकाळी जो दाट होता तो पाण्यासारखा पातळ आहे. थर्मासातला दाट, कपातला पातळ! बाई खुर्चीत बसल्या. मग एकाएकी उठून त्यांनी थर्मासातला थोडा चहा वाटीत घेतला, आणि दौलतीच्या विभागप्रमुख, एकतीस वर्षांच्या मानकरी, सात शिष्यांदेखत त्या चहात थुंकिल्या. शिष्य सर्द जाहले. एक तर पंख्याकडे पाहू लागला. बाईंनी चमच्याने हलविले, आणि थोडक्याच वेळात आम्हां सर्वांदेखत चहा पातळ जाहला. "लाळ," बाई म्हणाल्या. "पीठ लाळेत मोडतं. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी यंत्राला विचारत बसले. यंत्राला तोंड कुठंय?" आणि तेथेच, शिष्यांसमोर, त्यांचे डोळे भरून आले. आम्हांस त्या दिवशी बाई तेवीस वर्षांच्या दिसल्या.

मग बाईंनी झँथन नामे डिंक काढिला, ज्यावर लाळेची मात्रा चालत नाही, आणि ज्याचा गुण ऐसा, की स्वस्थ असता दाट राहतो, जिभेने ढकलिला की वाट देतो, आणि ढकलणे थांबले की पुन्हा दाटतो. या डिंकाच्या प्रवाहावर बाईंनी अकरा वर्षे घालविली होती, परंतु त्याचा चहा कधी केला नव्हता. पहिल्या खेपेस गुठळ्या जाहल्या. दुसऱ्या खेपेस बुळबुळीत जाहला. तिसऱ्यास आमच्या घरची रवी मागविली आणि घुसळिला, आणि तो साधला. मग सातही शिष्यांस वाटीवाटीत थुंकावयास लाविले. चहा पातळ होईना. गुरुवारी तो डॉक्टरांस दाखविला, आणि त्यांनी स्वतः येऊन, समोर बसून पाजू, ऐसे कबूल केले.

शुक्रवारी सकाळी मंडळी जमली. नाकात घालावयाची नळी कागदी वेष्टनात टेबलावर तयार होती. शमीम दाराशी उभी होती, बाईंशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी मामांस उशांच्या आधारे ताठ बसविले. मामा कप पाहताच तोंड फिरवीत, म्हणून शमीमनेच पुढे होऊन चहा बशीत ओतिला, आणि बशी आम्ही धरिली. बाईंनी चमचा भरिला. डाव्या हातात त्यांनी जुने घड्याळ घेतले होते, नळ्यांच्या काळचे. चमचा ओठी लागल्यापासून गळा हलेपावेतो किती सेकंद लागतात, ते डॉक्टरांस हवे होते. चमचा ओठी लागला. चहा आत गेला. जीभ हळू हलली, इकडे जरा, तिकडे जरा.  मग मामांचा गळा एकदा वर आला आणि खाली गेला. ठसका नाही. काही नाही. डॉक्टरांनी गळ्यास बोट लाविले आणि मान डोलाविली.

मामा बाईंकडे पाहत होते. त्यांचा अर्धा ओठ हलला, आणि तेवीस दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, जड, वाकडा, परंतु आम्ही स्पष्ट ऐकिला.

"किती?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. काटा शून्यावर होता. एकतीस वर्षे थेंबाथेंबाचा काळ मोजणाऱ्या बाई, त्या घड्याळ दाबावयास विसरल्या होत्या. "मामा," बाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांस रडे आवरेना, "मामा, दाबायचं राहिलं."

मामांनी डोळे मिटले, उघडले, आणि तोंड उघडले. "मग परत घे," ते बोलिले. आणि तोंड उघडेच ठेविले.

शमीमने बाईंच्या हातून घड्याळ घेतले. बाईंनी चमचा भरिला.

ऐसी ही हकीकत. पुढे टेबलावरील नळी वेष्टन न फोडता दवाखान्यात परत गेली. मामा तीन वर्षे जगले, आणि हेमलताबाई दर शुक्रवारी थर्मास घेऊन जात राहिल्या. बाईंचे प्रबंध छापील असून दौलतीच्या ग्रंथालयात आहेत, कोणीही पाहावेत. चहाचे मात्र कोठे छापले नाही, म्हणून भांडाराच्या कारकुनाने, बशी धरिल्या हाताने, आठवले तैसे लिहून ठेविले आहे.