गणिती मनिराम यांची पुण्यतिथी

२२ डिसेंबरला रामानुजन यांची जयंती असते, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. म्हणून गणित सप्ताहातला सोमवार मुख्याध्यापकांच्या भाचीला मिळाला आणि दुर्गाच्या खुशबूला मंगळवार. परिपाठाला उभं राहून त्या तारखेचा गणितातला दिनविशेष कार्डावरून वाचायचा होता. २३ तारखेला गणितात काय घडलं हे बी.एस्सी. झालेल्या दुर्गाला माहीत नव्हतं, आणि मोबाईलचा नेटपॅक कालच संपला होता.

खुशबू तिसरीत होती आणि शाळेत बोलत नव्हती. घरी तोंडाला विसावा नाही, पण शाळेचं फाटक आलं की गप्प. दीड वर्ष हेच चाललं होतं. "जबरदस्ती करू नका, पण संधी आली तर सोडू नका," असं डॉक्टर म्हणाले होते. कोरं कार्ड पाठवणं शक्यच नव्हतं.

डबा भरता भरता दुर्गाने अंगणात पाहिलं. सासरे शालीकराम उन्हात खाटेवर पडले होते. तीस वर्षं त्यांनी तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यांना, वाटून दिलं होतं, आणि खुणा केलेली बांबूची काठी अजून उशाशी ठेवली होती. दुर्गाने मनानेच लिहून टाकलं, '२३ डिसेंबर १९३१ : खुणांच्या काठीने तलावाचे पाणी मोजण्याची रीत शोधणारे आपल्या भागातील थोर गणिती मनिराम यांचे निधन.'

"कशानं मेले?" खुशबूने विचारलं.

"म्हातारपणानं. बूट घाल."

दुपारी मुख्याध्यापक पटले सरांचा फोन आला. "दुर्गाताई, पोरगी बोलली. मोठ्यानं, एकदाही न अडखळता."

दुर्गा भांड्यांसमोर उभ्या उभ्या रडली. पण सरांचं संपलं नव्हतं.

"अन् मनिराम तर आपल्याच भागातले निघाले. उद्या गटशिक्षणाधिकारी साहेब येऊन राहिले. श्रद्धांजली ठेवली आहे. पुण्यतिथी आज आहे म्हणून काय झालं, उद्याही चालते. फोटो तेवढा पाठवा."

"एवढ्या जुन्या माणसाचा फोटो कुठून आणू, सर?"

"माहिती भेटली तिथंच फोटो भेटन. नाही तर साहेब विचारतील, माहिती खरी का म्हणून. पोरीलाच विचारतील."

घरात फ्रेम केलेला काळा-पांढरा फोटो एकच होता. शालीकरामांचा, तिशीतला, फेटा आणि भरघोस मिशा असलेला. "मी गेल्यावर धावपळ नको," म्हणून त्यांनीच तो फ्रेम करून पेटीत ठेवला होता. दर पौषात ते जाणार असत. हा सलग तिसरा पौष. त्या मिशांतून आजचा माणूस कोणी ओळखणार नाही, असा विचार करून दुर्गाने फोटो टॉवेलात गुंडाळला आणि शाळेत देऊन आली.

संध्याकाळी खुशबूने चिठ्ठी आणली. आजी-आजोबांनाही बोलावलं होतं.

"मामाजी, थंडी आहे. तुम्ही कायले येता?" दुर्गा सासऱ्यांना म्हणाली.

"येतो. पौष चालू आहे. पुढच्या कार्यक्रमाले मी असन का?"

बुधवारी टेबलावर फोटो, कुंकू, उदबत्त्या, झेंडूचा हार असं सगळं मांडलेलं होतं. सरांनी सर्वांत ज्येष्ठ म्हणून शालीकरामांनाच हार घालायला बोलावलं. ते काठी टेकत पुढे गेले, फोटोवर वाकले आणि तसेच राहिले. मग वळून त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे पाहत होती. त्यांनी हार घातला, चेहरा दिसेल असा नीट सरकवला, हात जोडले आणि तिच्याशेजारी येऊन बसले.

"कधी गेलो मी?"

"एकोणीसशे एकतीसला, मामाजी."

"तवा तं माहा बापही लहान होता."

"पोरीसाठी केलं."

त्यांनी दुपट्ट्याने नाक पुसलं.

"या थोर माणसाविषयी आणखी कोण सांगेल?" साहेबांनी मुलांना विचारलं. एकच हात वर गेला, खुशबूचा. या हाताची दुर्गाने दीड वर्ष वाट पाहिली होती. आज तो खाली यावा म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती.

"हे माझे आबाजी आहेत. ते तिथं बसलेत."

"बेटा, ते तर वारले," सर म्हणाले.

"नाही सर. सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी."

कोणी हसलं नाही. सरांनी दुर्गाकडे पाहिलं. ती उठली. "चूक माझी आहे, सर. पोरगी—"

शालीकरामांनी तिला पदर धरून खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. "पोरगी खरं बोलून राहिली. नाव मनिराम नाही, शालीकराम. काठी हेच."

मग त्यांनी काठी आडवी धरून कोणत्या खुणेला किती बांध्या भिजतात ते सांगायला घेतलं. साहेब धान पिकवणाऱ्या घरचे होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, वहीत टिपूनही घेतलं. १९३१ कोणालाच आठवलं नाही. सर हळूच फोटोवरचा हार काढायला गेले.

"राहू द्या," शालीकराम म्हणाले. "ताजा आहे."

घरी आल्यावर फोटो त्यांनी स्वतःच पेटीत ठेवला आणि खाटेवर पडून छताकडे पाहत राहिले. "फोटो झाला, हार झाला, भाषण झालं," ते खिन्नपणे म्हणाले. "आता मरून नवीन काय होणार आहे? चहा ठेव."

नाताळची सुट्टी झाली. शुक्रवारी पुन्हा खुशबूचीच पाळी होती, पण ते कार्ड तिने आईला दाखवलंच नाही. संध्याकाळी ते दुर्गाला दप्तरात सापडलं. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, '२६ डिसेंबर : थोर गणिती शालीकराम आज जिवंत आहेत.'

खाली लाल शाईत पटले सरांचा शेरा होता, 'छान वाचले. सोमवारी पुन्हा कळवावे.'