रेट्रोला आलेले गुरुक्कळ

निमिषाने मीटिंगरूमच्या भिंतीवर तीन कागद चिकटवले. वार, बचाव आणि जखम. टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन तलवारी आणि कोऱ्या चिठ्ठ्यांची गड्डी ठेवली. काम संपलं की टीमने एकत्र बसून काय जमलं, काय चुकलं ते बोलायचं, याला कोळिकोडच्या या ऑफिसात सगळे रेट्रो म्हणत. एरवी रेट्रोत चहा व्हायचा, केळ्याची भजी व्हायची, आणि 'सगळं ठीक' म्हणून माणसं उठायची. या वेळी ठीक नव्हतं.

ओणमच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या जेवण पोचवणाऱ्या ॲपने अकराशे घरांना कळवलं होतं, की केळीच्या पानावरची तुमची सद्या, सणाची मेजवानी, रद्द झाली आहे. एकदा नाही, तीनदा. अकराशे घरांत ऐन वेळी नारळ खवले गेले, भाज्या चिरल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ॲपचंही जेवण दारात हजर झालं. अवियलची भाजी लोकांना चार दिवस पुरली आणि शिव्या तीन आठवडे.

मेसेज पाठवायचं खातं ऑफिसात सामाईक, त्यामुळे माग लागेना. त्या संध्याकाळी टीममधल्या जोजीचा कॉम्प्युटर चालू होता, एवढंच काय ते सापडलं. जोजी मुळात अबोल. विचारलं तर खाली बघे. टीमप्रमुख हमीदसरांनी सांगून टाकलं होतं, रेट्रोत काही निघालं नाही तर सोमवारी जोजीच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र.

आणि निमिषाला ठाऊक होतं, की तो मेसेज जोजीचा नव्हता. तिचा होता. चाचणी म्हणून स्वतःलाच पाठवून बघायला गेली, आणि यादी अख्खी निवडली गेलेली. बोट उचललं तेव्हा पाखरू उडून गेलं होतं. पण तिने एकदाच दाबलं होतं. उरलेले दोन यंत्राचे, किंवा कुणास ठाऊक, खरंच जोजीचे. या हिशेबाने ती तीन आठवडे जेमतेम झोपत होती.

म्हणून हा कळरीचा, केरळच्या जुन्या युद्धकलेचा, खेळ. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, जखमेच्या कागदाखाली चिकटवायची. ती डाव्या हाताने लिहिणार होती, 'जोजीने केलेलं नाही.' खेळाला रंग यावा म्हणून तिने वडकरेहून मावशीच्या शेजारच्या चात्तुकुट्टी गुरुक्कळांना, कळरीच्या गुरुजींना, दहा मिनिटांसाठी बोलावलं. दिवा लावतील, चार पवित्रे दाखवतील, जातील.

गुरुक्कळ आले, सत्तरीचे, वेतासारखे. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि उजवं पाऊल टाकून, वाकून, जमिनीला हात लावून आत घेतलं. हमीदसर फोनवर बोलत डाव्या पावलाने शिरले, त्यांना परत पाठवलं. मग प्रत्येकाच्या मानेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि तलवारी कपाटावर ठेवून दिल्या.

"मोळे, पोरी," ते निमिषाला म्हणाले, "या मानांवर डोकं राहिलंय तेच पुष्कळ. आधी तेल. पवित्रे मग."

ती म्हणाली, वेळ कमी आहे. ते म्हणाले, कळरीत वार शिकवणाराच हाड बसवतो, नाहीतर शिकवत नाही. पिशवीतून तेलाची बाटली निघाली, टेबलावर लुंगी अंथरली गेली. निमिषाने घाईघाईने चिठ्ठ्या वाटल्या, लोकांनी लिहिल्या, तिने डाव्या हाताने लिहिली. सगळ्या गोळा करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या. गुरुक्कळांनी टीममधल्या सगळ्यात जुन्या प्रशोभचे खांदे चोळून झाल्यावर त्या उचलल्या आणि त्यांनाच शांतपणे हात पुसले.

प्रशोभ उठून शर्ट शोधू लागला. निमिषाने एक चिठ्ठी उजेडात धरली. तेलातून पलीकडची खिडकी दिसत होती, अक्षर नव्हतं.

आता जोजी टेबलावर पालथा होता. हमीदसरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चिठ्ठ्या तर गेल्या, मग सोमवारचं पत्र लिहायला घेतो.

"लिहा सर," जोजी लुंगीत तोंड खुपसून म्हणाला. "मीच असेन."

निमिषाने ती तेलकट चिठ्ठी मुठीत चुरगळली.

"तो नाही," ती म्हणाली. "मी पाठवला. पण सर, एकदाच. आईशपथ एकदाच."

मग प्रशोभ शर्टाच्या बाहीत अर्धा अडकलेला तसाच म्हणाला, "निमिषा, एक माझा. गेलेला दिसला, कुणाकुणाला गेलाय ते बघायला गेलो, तर परत गेला. मला वाटलं, आधीचा जोजीचा असणार."

"आणि तिसरा?" निमिषाने विचारलं.

जोजी उठून बसला होता आणि गुरुक्कळ हमीदसरांकडे बोट दाखवत होते. सर निमूट जाऊन पालथे पडले. अंगठा दोन फऱ्यांच्या मधोमध रुतला तेव्हा लुंगीखालून आवाज आला.

"दोन आलेले बघून मी घरून थांबवायला गेलो. चष्मा सापडत नव्हता."

तीन आठवडे तिघांनी आपापला एक पोटात ठेवून उरलेले दोन जोजीच्या नावावर घातले होते. मग तू का नाही बोललास, म्हणून सगळे त्याच्यावर घसरले.

"मी चार वाजताच पळालो होतो," जोजी म्हणाला. "कॉम्प्युटर चालू ठेवून. बायको म्हणाली होती, फुलांच्या रांगोळीला ये. ते कसं सांगणार?"

हमीदसर पालथेच हसू लागले, टेबल गदगदू लागलं, आणि गुरुक्कळांनी त्यांना हलू नका म्हणून दटावलं.

अकराशे घरांना माफीचा मेसेज तेवढा राहिला होता. निमिषाने लिहिला, सर्वांनी दोनदा वाचला. बटणाशी मात्र कोणी जाईना. निमिषा प्रशोभकडे बघे, प्रशोभ सरांकडे, सर चष्मा पुसत राहिले. शेवटी जोजीनेच तेलकट बोट पँटला पुसलं आणि दाबलं.

यादीत त्यांचे स्वतःचेही नंबर होते. खोलीतले चार फोन एकदम वाजले. पुन्हा वाजतील म्हणून सगळे उभे राहिले, श्वास रोखून, देवळात नैवेद्याचा पडदा सरायची वाट पाहावी तसे. एक मिनिट गेलं. दोन गेली. खाली रस्त्यावर बस थांबली आणि निघून गेली.

फोन गप्पच होते. निमिषा मटकन खाली बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आता तू झोप, मोळे," गुरुक्कळ टेबलाकडे हात करून म्हणाले, "तुझीच मान राहिलीये."