आबासाहेबांच्या गाडीचं चिलखत

"चहाचा कप संपायच्या आत पत्रे उतरवून देतो! न्हाय उतरले तर पुन्हा शुक्रवार पेठेत पाना धरणार न्हाय!" भीमाशंकर मेस्त्रीनं हे छातीठोक सांगितलं आणि आबासाहेब त्याच्या गॅरेजातल्या मोडक्या स्टुलावर खुशीत डुलले.

साल चौऱ्याहत्तरचं, गाव सोलापूर. आबासाहेब बाजार समितीच्या निवडणुकीला उभे होते. कुठं ना कुठं गाड्यांवर दगडफेक झाल्याचं पेपरात यायचं. आपल्याही गाडीवर दगड पडणार याची त्यांना खात्री होती, आणि खरं सांगायचं तर थोडी हौसही होती. म्हणून ॲम्बॅसिडरच्या चारी दारांना जाड लोखंडी पत्र्याचं चिलखत चढवायचं ठरलं. अट एकच. रविवारी लेकीची, विजयमालाची, सोयरीक पक्की करायला दुधनीला जायचं होतं. त्या दिवशी गाडी चारचौघांसारखी दिसली पाहिजे.

आता दाराचा पत्रा पातळ आणि आतून पोकळ. मागं हातच जात नाही, मग नट धरणार कोण? भीमाशंकरानं मुंबईहून बुशी, म्हणजे आतून आटे पाडलेल्या छोट्या नळ्या, मागवल्या. पत्र्याला होल पाडायचं, बुश आत सारायची आणि ओढून घ्यायची. ती मागून फुगते आणि पत्र्याला धरून बसते. मग बोल्ट लावा नाहीतर काढा, मर्जी आपली! फक्त मापाचं ड्रिल ऐन वेळी मोडलं, म्हणून त्यानं जरा मोठं लावलं. बुश फुगणारच आहे तर घेईल भरून, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी त्यानं पहिल्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट फिरला. फिरतच राहिला! सैल होलात बुशही त्याच्याबरोबर गरागरा फिरत होती. दुसरा तसाच, तिसराही तसाच. आबासाहेबांचा चहा संपला, वर पानही खाऊन झालं.

"निघतंय का न्हाय रं?"

"निघतंय की! जरा तापलं की सुटंल."

"कशानं तापलं की?"

"उन्हानं."

"मग बस गाडीत! वाटंत तापंल तसं काढ!"

सोलापूरचं ऊन आपल्या कामात कधी कमी पडत नाही. गाडी तापली, आबासाहेब तापले, पण एक बोल्ट निघाला नाही. चिलखतासकट गाडी दुधनीत शिरली आणि गल्लीतली दारं पटापट लागली. कुणी म्हणालं पोलिसांची धाड आली, कुणी म्हणालं बँकेची तिजोरी आली!

मुलाचे वडील आप्पा सामोरे आले आणि त्यांनी पाहुण्यांना ओसरीवर बसवलं. मुलाची आई सोनाबाई मात्र पोह्यांच्या बशा घेऊन उंबऱ्यातच थबकली.

"गाडीला एवढं लोखंड कशापायी वो?"

"दगडं अडवायला," आबासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मोठ्या माणसाला वैरी असायचेच!"

सोनाबाईनं बशा तशाच आत नेल्या. आतूनच आवाज आला, "आमाला न्हाय जमायचं! दिवाळीला सासुरवाडीला गेल्यालं माजं पोरगं डोकं फोडून घ्यून यायचं!"

एका मोडक्या ड्रिलापायी पोरीचं लग्न मोडतंय! भीमाशंकर पाना घेऊन तसाच आत धावला. "वयनी, चूक माजी हाय! होल मोठं पडलं, म्हणून पत्रं निघंनात!"

"होलाचं न्हाय, दगडाचं इचारतीया मी!"

सगळे आबासाहेबांकडे बघू लागले. विजयमालानं तीन स्थळं नाकारून या मुलाला पहिल्यांदा हो म्हटलं होतं. ती घरी वाट बघत बसली असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सोनाबाई, खरं सांगतो. मला वैरी न्हाय. आजवर कुणी दगड सोडा, ढेकूळसुदिक मारलं न्हाय. मला कुणी तेवढं मोजतच न्हाय."

आप्पांनी शांतपणे सुपारी कातरली. "ते आमाला ठावं हाय की! चौकशी करूनच बोलावलंय तुमास्नी. गावभर इचारलं. समदे म्हणाले, माणूस बिनउपद्रवी हाय. आन गं ते पोहे."

पोहे आले, सुपारी फुटली, सोयरीक पक्की झाली. परतताना सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा आबासाहेब हळूच म्हणाले, "भीमाशंकर, गावभर इचारलं म्हणत्यात. त्यात एकजण तरी माज्याबद्दल वाईट बोलला असंल की रं?"